बालवाडीत सहायक शिक्षिका व्हायचंय? सोलापुरातल्या नव्या ताईंसाठी

उन्हाळ्याची सुट्टी लागली की जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड या भागांतल्या नर्सरी-केजीच्या फाटकांवर 'शिक्षिका पाहिजेत' असे फलक लागतात. बारावी किंवा पदवी झालेल्या, लग्न होऊन सोलापुरात आलेल्या, स्वतःचं मूल शाळेत जायला लागल्यामुळे सकाळ मोकळी झालेल्या कितीतरी जणी तिथे चौकशी करतात. बहुतेकींना पहिल्या वर्षी सहायक शिक्षिका म्हणूनच घेतलं जातं. काम काय, असं विचारलं तर 'मॅडमना मदत करायची' एवढंच उत्तर मिळतं. त्या मदतीत काय काय येतं ते या लेखात सांगते. (बालवाडीत पुरुषही उत्तम काम करतात, पण सोलापुरात ते क्वचितच दिसतात. म्हणून इथे 'ताई' म्हटलंय.)

माझं मत आधीच सांगून टाकते. मुख्य ताईचं लक्ष वर्गावर असतं, सहायक ताईचं एकेका मुलावर. गोष्ट रंगात आलेली असताना मागच्या कोपऱ्यात कोण ओल्या चड्डीत गप्प बसलंय, कुणी मणी तोंडात घातलाय, कोण कालपासून एक शब्दही बोललेलं नाही, हे गोष्ट सांगणारीला दिसत नाही. ते तुम्हाला दिसलं पाहिजे. बाकी सगळी कामं यातूनच निघतात.

पायरी १: नोकरी नेमकी कुठली ते ठरवा

अंगणवाडी आणि खासगी बालवाडी या दोन वाटा अगदी वेगळ्या आहेत. अंगणवाडी ही एकात्मिक बाल विकास सेवा योजनेतली. ही योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. तिथे सेविका आणि मदतनीस अशी दोन मानधनी पदं असतात. मदतनिसाकडे मुलांना घरून आणणं, स्वच्छता, आहार शिजवणं-वाढणं आणि सेविकेला हातभार लावणं ही कामं असतात. महाराष्ट्रात या पदांसाठी आता बारावी उत्तीर्ण असावं लागतं. वयोमर्यादा १८ ते ३५, विधवा महिलांसाठी ४० पर्यंत. अर्जदार स्थानिक रहिवासी हवी ही अट काटेकोर आहे. जाहिरात बाल विकास प्रकल्प कार्यालयाकडून निघते, निवड गुणांवर होते. मध्ये कुणी 'साहेबांशी बोलतो, एवढे द्या' म्हणू लागला तर त्याला चहासुद्धा पाजू नका.

जाता जाता, 'अंगणवाडी' या कल्पनेमागे आपल्याच दोन बायका आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला काम केलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, हे त्यांनी करून दाखवलं. या क्षेत्रात येणारीला ही दोन नावं माहीत असावीत. मुलाखतीत विचारतात म्हणून नव्हे, त्यांचं काम वाचलं की आपलं सोपं होतं म्हणून.

खासगी बालवाडीत तीन स्तर असतात: मुख्य शिक्षिका, सहायक शिक्षिका आणि मावशी. कागदावर कामं वाटलेली असतात, प्रत्यक्षात मावशी रजेवर असली की फरशी सहायक ताईच पुसते. त्यात कमीपणा काही नाही. मात्र हा प्रकार रोजचाच झाला तर तुम्हाला मावशीच्या कामावर ठेवलंय हे ओळखा आणि तसं स्पष्ट बोला.

पायरी २: होकार देण्याआधी काय विचाराल

पगाराचा आकडा सगळ्याच विचारतात. पुढचे प्रश्न विचारायला मात्र संकोच वाटतो, आणि महत्त्वाचे तेच आहेत. एका वर्गात मुलं किती? २०१३ च्या राष्ट्रीय बालसंगोपन व शिक्षण धोरणात तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागे एक मोठं माणूस आणि तीनच्या आतल्या दहा मुलांमागे एक असं प्रमाण सांगितलंय. दोन ताई आणि चाळीस मुलं इथपर्यंत जमतं. पन्नास मुलं आणि दोन ताई असतील तर त्याला शिकवणं म्हणत नाहीत, राखण म्हणतात.

मे महिन्याचा पगार मिळतो का? नेमणुकीचं पत्र देणार का? शनिवारी काय असतं? स्नेहसंमेलनाच्या महिन्यात दुपारी थांबावं लागतं का? मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतात का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं तर छायांकित प्रती द्या आणि मूळ कागद पिशवीत घालून घरी आणा. पगारातून रिक्षाचं भाडं वजा करून काय उरतं, तेही तिथेच मनातल्या मनात मोजून पाहा. पूर्वभागातून विजापूर रोडला रोज जाऊन-येऊन हाती काही उरत नसेल, तर घराजवळची लहान बालवाडी बरी.

अभ्यासक्रमाबद्दल. सहायक म्हणून लागताना बऱ्याच ठिकाणी प्रशिक्षणाचा आग्रह नसतो, पण पुढे मुख्य शिक्षिका व्हायचं तर लागेल. इग्नू या मुक्त विद्यापीठाची बालसंगोपन आणि शिक्षणाची पदविका, म्हणजे डीईसीई, बारावीनंतर नोकरी सांभाळून करता येते आणि तिच्यात मुलांबरोबर प्रत्यक्ष करायचं कामही असतं. मॉन्टेसरीच्या नावाने चालणारे महिन्या-दोन महिन्यांचे वर्ग गल्लोगल्ली आहेत. तिथे फी भरण्याआधी एकच गोष्ट बघा: शिकताना खऱ्या मुलांच्या वर्गात किती दिवस बसवतात? एकही दिवस नसेल तर तेवढ्या पैशांत चांगली चित्रांची पुस्तकं घ्या.

पायरी ३: जूनचे पहिले तीन आठवडे

सगळ्यात जास्त कस इथे लागतो, म्हणून जरा थांबून सांगते.

आपल्याकडे नर्सरीचा प्रवेश ३१ डिसेंबरपर्यंत तीन वर्षं पूर्ण होणाऱ्या मुलांना मिळतो. याचा अर्थ असा की जूनमध्ये वर्गात येणारी काही मुलं अजून अडीच वर्षांचीच असतात. त्याच वर्गात तीन वर्षं पाच महिन्यांचं मूलही असतं. या वयात एवढा फरक फार मोठा. एक मूल स्वतःची चप्पल घालतं, दुसऱ्याला 'शू आली' सांगता येत नाही. दोघांकडून सारखी अपेक्षा ठेवलीत तर दोघंही रडतील.

रडणाऱ्या मुलाला खोटं सांगू नका. 'आई बाहेरच बसलीये' म्हटलं की ते दाराकडे पळतं, आई दिसत नाही, आणि त्या दिवसापासून तुमच्या शब्दाची किंमत शून्य. घड्याळ कळत नसलं तरी मुलांना क्रम कळतो. 'आधी खेळायचं, मग डबा खायचा, मग गाणं म्हणायचं, मग आई येणार,' असं सांगा आणि प्रत्येक टप्प्यावर आठवण करून द्या: डबा झाला, आता गाणं राहिलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मूल स्वतःच विचारायला लागतं, 'गाणं झालं की आई?'

पालकांनाही एक गोष्ट शिकवावी लागते. मूल खेळात रमलेलं बघून गुपचूप सटकायचं नाही. 'मी जाते, नंतर न्यायला येते' म्हणून, टाटा करून, मागे वळून न बघता जायचं. दाराशी उभं राहून पंधरा मिनिटं पदर सोडवत बसलेल्या आईपेक्षा झटकन गेलेल्या आईचं मूल लवकर शांत होतं. आजोबा सोडायला आले तर काम आणखी अवघड. ते खिडकीतून डोकावतात. त्यांना गोड बोलून फाटकापर्यंत पोहोचवणं हेही सहायक ताईचंच काम.

सगळ्या रडणाऱ्यांना एकत्र बसवू नका, एकाचं पाहून दुसरं सुरू होतं. एकाला पाण्याशी, एकाला वाळूशी, एकाला तुमच्या कडेवर. पाणी ओतणं हा रडण्यावरचा माझ्या माहितीतला सर्वांत चांगला उपाय आहे: दोन वाट्या, एक तसराळं, खाली जुना टॉवेल. टॉवेलांना सोलापुरात काय तोटा!

आणि जे रडत नाही त्याच्याकडे जास्त लक्ष द्या. दप्तर पाठीला घट्ट धरून, भिंतीला टेकून, काही न खाता बसलेलं मूल 'शहाणं' म्हणून सुटून जातं. त्याच्याजवळ जाऊन बोलायची घाई करू नका. शेजारी बसून स्वतः ठोकळे रचायला लागा. काही वेळाने एक ठोकळा ते पुढे करतं. दुसऱ्या आठवड्यात ते मोठ्याने रडलं तर बरंच झालं समजा, मनात कोंडलेलं बाहेर आलं.

पायरी ४: चार भाषांचा वर्ग

सोलापूरच्या वर्गात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू असतेच. पूर्वभागात, अशोक चौक, साखर पेठ, नीलम नगर, विडी घरकुल इकडे तर अर्ध्याअधिक मुलांच्या घरात तेलुगू बोलतात. महापालिकेनेसुद्धा या चारही माध्यमांच्या शाळा चालवल्या आहेत. शाळेची पाटी इंग्रजी माध्यमाची असली तरी तहान लागली की मूल घरच्या भाषेतच बोलणार.

म्हणून प्रवेशाच्या वेळी आईला तीन शब्द विचारून वहीत मुलाच्या नावापुढे लिहून ठेवा: पाणी मागताना काय म्हणतो, शी-शूला काय म्हणतो, दुखलं तर काय म्हणतो. तेलुगू घरातलं मूल 'नीळ्ळु' मागेल, कन्नड घरातलं 'नीरु'. एखादं 'ओंटिकि' म्हणेल, एखादं 'ओंदक्के', आणि दोघांचीही घाई सारखीच असेल. तुम्हाला अर्थ कळेपर्यंत चड्डी ओली होते आणि मूल ओशाळतं. रडणाऱ्या तेलुगू मुलाला 'एडवकु' आणि कन्नड मुलाला 'अळबेड' एवढं म्हणता आलं तरी ते क्षणभर थांबून तुमच्याकडे बघतं. तेवढा क्षण पुरतो.

काही शाळा वर्गात घरची भाषा बोलू देत नाहीत. हे चुकीचं आहे, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या विरुद्धही. तिथे लहान वयात घरच्या भाषेवर भर दिलाय. नवीन असताना तुम्ही शाळेचा नियम बदलू शकणार नाही, पण मुलाच्या कानात त्याच्या भाषेत दोन शब्द बोलायला कुणाची परवानगी लागत नाही.

पायरी ५: मुलांच्या आधी पोहोचा

शाळा साडेआठची असेल तर आठ-सव्वाआठला पोहोचा आणि वर्गात बसायच्या आधी चार जागा हाताने तपासा. घसरगुंडी लोखंडी असेल तर मार्चपासून तिच्यावर तळहात ठेवून बघा. सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा सकाळी दहालाच पत्रा पोळतो. बाथरूमची फरशी ओली आहे का? आवारात रात्रीतून काय पडलंय, काच, ब्लेड, गुटख्याची पुडी? आणि चौथी जागा, पाण्याची बादली.

बादलीचं कारण सांगते. आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे प्रत्येक शाळेत पिंपं, बादल्या, टाक्या भरून ठेवलेल्या असतात. अडीच-तीन वर्षांचं मूल वाकून बघताना डोक्यावर पडलं तर अर्ध्या बादलीतूनही त्याला स्वतःहून वर येता येत नाही. झाकण घट्ट, बादली मुलांच्या वाटेबाहेर. झाकणाचा दुसराही फायदा आहे, डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो.

मग मोजणी. मुलं आल्यावर, मैदानात नेताना, मैदानातून आणताना, डब्याआधी, सुटताना. प्रत्येक वेळी डोकी मोजायची आणि आकडा मुख्य ताईंना ऐकू जाईल असा बोलायचा. हजेरीत बावीस, डोकी एकवीस, तर आधी बाथरूम बघा, मग दाराचा मागचा भाग, मग शेजारचा वर्ग. आणि त्याच वेळी फाटकावरच्या मामांना हाक मारून फाटक बंद करायला सांगा. शोधून झाल्यावर सांगू, असं नको.

गोष्टीच्या वेळी तुमची जागा मुख्य ताईंच्या शेजारी नाही. मुलांच्या मागे किंवा बाजूला, सतरंजीवरच बसा, खुर्चीवर नको. चुळबुळ करणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवला की पुरतं. 'ए, गप्प बस!' असं तुम्ही मागून ओरडलात तर वीसच्या वीस माना मागे वळतील आणि गोष्टीतला वाघ तिकडेच राहील. या वयाची मुलं एका जागी सलग पाच-दहा मिनिटं बसली तरी खूप झालं. कुणाला फारच जड जात असेल तर त्याला घेऊन हळूच बाहेर या, डबे मांडायला लावा.

सुटण्याची वेळ सगळ्यात धोक्याची. सगळे घाईत असतात, फाटकावर गाड्या, रिक्षावाले काका, 'मॅडम, लवकर द्या'. मूल कुणाच्या हातात द्यायचं त्यांची नावं आणि फोटो वर्गात असले पाहिजेत. ओळखीचा चेहरा नसेल तर आई-वडिलांना फोन करून विचारल्याशिवाय मूल सोडायचं नाही. 'अहो, मी सख्खा काका आहे वं!' असं म्हणून माणूस चिडला तर चिडू दे. खरा काका संध्याकाळपर्यंत शांत होतो. मुलाने 'काका!' म्हणून उडी मारली तरी फोन करायचाच.

विडी वळणाऱ्या आयांच्या मुलांबाबत थोडं समजून घ्या. मजुरी हजार विड्यांवर मिळते. वळलेल्या विड्या कारखान्यात द्यायला गेलेल्या बाईला तिथे किती वेळ थांबावं लागेल हे तिच्या हातात नसतं. न्यायला उशीर झाला म्हणून मुलासमोर तिला बोलू नका. मुलाच्या मनात 'आई चुकली' एवढंच राहतं. त्या मुलाला तुमच्याजवळ बसवा, ठोकळे आवरायला द्या. रोजच उशीर होत असेल तर ते मुख्य ताईंनी आईशी स्वतंत्रपणे बोलावं.

पायरी ६: डबा

आपला जिल्हा शेंगाचटणीचा. चटणी कुटलेली असते, तिचं काही नाही. भीती अख्ख्या शेंगदाण्याची, फुटाण्याची, कडक चिक्कीची आणि द्राक्षांच्या हंगामात अख्ख्या द्राक्षाची. पाच वर्षांच्या आतल्या मुलांची श्वासनलिका अरुंद असते आणि त्यांना नीट चावता येत नाही. हसताना, पळताना दाणा आत ओढला की श्वास अडकतो. डब्यात अख्खे दाणे आले तर बाजूला काढा, द्राक्षं उभी चिरून द्या, आणि डबा संपेपर्यंत कुणी उठून पळणार नाही हे बघा. कडक भाकरी डब्यात आली तर दूध-पाण्यात भिजवून द्या.

मूल खोकत असेल तर त्याला खोकू द्या, पाठीवर मारू नका. आवाज बंद झाला, श्वास घेता येत नसेल, ओठ निळे पडू लागले, तर त्याला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच जोरदार थापा. नाही निघालं तर मागून मिठी घालून, बेंबीच्या वर मूठ ठेवून, आत आणि वरच्या दिशेने पाच झटके. पुन्हा थापा, पुन्हा झटके. तोंडात आंधळेपणाने बोट घालू नका, दाणा आणखी आत जातो. दुसऱ्या कुणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा. हे वाचून जमत नाही, बाहुलीवर करून शिकावं लागतं. शाळेने प्रथमोपचाराचं प्रशिक्षण ठेवलं नसेल तर ते मागून घ्या.

बाकीचं थोडक्यात. नाकातून रक्त आलं तर मान मागे नको, पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबून धरा. फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा नको, कांदा-चप्पल हुंगवायची तर मुळीच नाही. डोक्यावर पडलेल्या मुलाला उलटी झाली किंवा झोप यायला लागली तर तडक डॉक्टरांकडे. पालकांनी लिहून दिल्याशिवाय कोणतंही औषध देऊ नका. आणि लागलं-पडलं ते लहान असलं तरी त्याच दिवशी आईला सांगा. संध्याकाळी आंघोळ घालताना तिला वळ दिसला आणि तुम्ही बोलला नव्हता, तर पुढचे सहा महिने ती तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही.

पायरी ७: पेन्सिलची घाई

ऑगस्टपर्यंत एखादी तरी आई विचारतेच, 'टीचर, आमचं पोरगं अजून एबीसीडी लिहिना की वं!' शेजारच्या शाळेत तर लिहितात, हेही पाठोपाठ येतं.

मुलाचा हात लिहायला कधी तयार होतो ते तुम्हाला ठाऊक असेल तर उत्तर देता येतं. साधारण तिसऱ्या वर्षी मूल गोल काढू शकतं, चौथ्याच्या सुमारास अधिक-चिन्हासारखी फुली, चार-पाचच्या दरम्यान चौकोन, आणि त्रिकोण पाचव्या वर्षाच्या आसपास. त्रिकोण न जमणाऱ्या हाताकडून 'ए' काढून घेतला तर बोटं दुखतात आणि वही बघितली की मूल पळतं. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्यातही तीन ते आठ वयाचं शिक्षण खेळातून व्हावं असंच म्हटलंय. अंगणवाड्यांसाठी तयार केलेला 'आकार' अभ्यासक्रमही खेळ आणि कृतींवरच उभा आहे.

बोटांना बळ देणारं साहित्य सोलापुरात फुकट मिळतं. यंत्रमागाच्या कारखान्यात सुताचे रिकामे पुठ्ठ्याचे कोन पडलेले असतात. ते एकावर एक चढवायला, रंगवायला, उंचीप्रमाणे लावायला द्या. चादरीच्या आणि टॉवेलच्या कापडाचे तुकडे मागून आणा: मऊ-खरखरीत वेगळे करा, सारख्या रंगाच्या जोड्या लावा, डोळे मिटून बोटांनी ओळखा. उरलेल्या सुताचा गुंता सोडवणं, सूत कोनावर गुंडाळणं हे चिमटीचं उत्तम काम. वडील मागावर असलेलं मूल या खेळात एकदम तज्ज्ञ होतं, वर्गाला शिकवायला लागतं. ती संधी दवडू नका. फक्त आणलेल्या वस्तू धुऊन, उन्हात वाळवून, टाचणी किंवा पिना नाहीत ना हे बघून मगच मुलांपुढे ठेवा. घरातून आलेल्या सुपड्या, डबे यांना तंबाखूचा वास असेल तर त्या वापरूच नका.

जानेवारीत गड्ड्याची यात्रा येते. सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात, पांढऱ्या बाराबंदीतले भक्त दिसतात, मुलांच्या डोक्यात दुसरं काही नसतं. त्या आठवड्यात ठरलेला धडा रेटू नका. कागदाच्या नळ्यांचे नंदीध्वज करा, ओळीने चाला, सातपर्यंत मोजा. पाळण्यात कोण बसलं, काय खाल्लं, कोण घाबरलं, हे ज्याने-त्याने सांगायचं. वर्षभर तोंड न उघडलेली मुलं या आठवड्यात बोलतात. जमेल तेवढं लिहून ठेवा, पालकसभेत उपयोगी पडतं.

पायरी ८: हात, फोन आणि गप्प न राहणं

मारायचं नाही. चिमटा, कान, अंधाऱ्या खोलीची भीती, 'पोलिसाला देईन', काहीच नाही. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७५ खाली सांभाळायला दिलेल्या मुलाशी क्रूरपणे वागणं हा गुन्हा आहे, आणि संस्थेतल्या कर्मचाऱ्याला शिक्षा जास्त कडक. मुलाने चावा घेतला, ढकललं, तर त्याचा हात धरा, डोळ्याच्या पातळीवर खाली बसा, एका वाक्यात सांगा: 'चावल्यावर दुखतं, मी चावू देणार नाही.' मग आधी ज्याला लागलं त्याला जवळ घ्या. लांबलचक प्रवचन तीन वर्षांच्या मुलाला कळत नाही. तुमचा संताप अनावर झाला तर मुख्य ताईंना खूण करून दोन मिनिटं बाहेर जा. त्याची लाज वाटून घेऊ नका.

मुलांचे फोटो स्वतःच्या व्हॉट्सॲप स्टेटसला ठेवू नका, कितीही गोड आले तरी.

आता अवघड विषय. मुलांना शी-शूला नेणं, कपडे बदलणं हे दार उघडं ठेवून, दुसऱ्या बाईला सांगून करायचं. पुरुष कर्मचारी एकट्याने मुलांना बाथरूमला नेणार नाहीत हा शाळेचा नियमच असावा. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतली, लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराची घटना उघडकीला आली. त्यानंतर राज्य सरकारने शाळांत सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी-सावित्री समिती यांबाबत कडक आदेश दिले. तुमची पडताळणी मागितली तर राग मानू नका. मागितली नाही तर मात्र विचार करा.

मुलाने काही सांगितलं किंवा अंगावर खूण दिसली, तर त्याला खोदून खोदून विचारू नका. शांतपणे ऐका, 'सांगितलंस ते बरं केलंस' म्हणा, त्याचे शब्द जसेच्या तसे तारखेसह लिहा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायदा २०१२ नुसार अशी माहिती पोलिसांना देणं प्रत्येकाला बंधनकारक आहे, न देणं हा गुन्हा. 'शाळेचं नाव खराब होईल' हे कारण कायद्याला चालत नाही. चाइल्ड हेल्पलाइन १०९८ कधीही लावता येते. हा क्रमांक फळ्याच्या मागे लिहून ठेवा.

पायरी ९: मुख्य ताईंशी जमवून घेणं

मुलांसमोर त्यांचं म्हणणं खोडू नका, आणि पटलं नाही तर मनातही ठेवू नका. शाळा सुटल्यावर सतरंज्या गुंडाळताना दहा मिनिटं मिळतात, तेव्हा बोला. 'तुम्ही त्याला ओरडलात' म्हणण्यापेक्षा 'आज तो डबा न खाता बसला होता, सकाळपासूनच गप्प होता' असं पाहिलेलं सांगितलं तर समोरचीला ऐकावंसं वाटतं.

यासाठी एक छोटी वही ठेवा. रोज दोन-तीन मुलांबद्दल एकेक ओळ, पाहिलं तेवढंच: 'पहिल्यांदा स्वतः बटण लावलं.' 'पोळी खाल्ली, भाजी परत.' 'झोपाळ्यावर बसायला घाबरते.' हट्टी, हुशार, मठ्ठ असे शिक्के वहीत नकोत. पालकसभेत मुख्य ताई हीच वही मागतील. मुलाबद्दल पालकांना तुम्ही परस्पर निकाल देऊ नका. तीन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नाही, हाक मारली तर बघत नाही, असं दिसलं तर ते आधी मुख्य ताईंना सांगा. पुढे बालरोगतज्ज्ञांकडे पाठवायचं काम त्या करतील.

पायरी १०: वर्ष संपताना

एप्रिलमध्ये सकाळची शाळा, ऊन, निकालाच्या कार्डांची गडबड, आणि सगळे सुट्टीच्या तयारीत. या धांदलीत अनुभवाचं प्रमाणपत्र राहून जातं. सुट्टी लागण्याआधीच ते मागा. त्यात रुजू झाल्याची तारीख, पद, गट आणि शाळेचा शिक्का असू द्या. 'मदतनीस' लिहिलंय की 'सहायक शिक्षिका' ते वाचून घ्या, पुढच्या मुलाखतीत पगार त्या शब्दावर ठरतो. पुढच्या जूनला तोच गट मागायचा की मुलांबरोबर छोट्या गटात जायचं, हेही तेव्हाच मुख्याध्यापिकांशी बोलून घ्या. मे महिन्यात कार्यालयात फक्त प्रवेशाचे अर्ज देणारा माणूस भेटतो.